जनसंपर्काची उमेदवारी

गेल्या चाळीस वर्षांत जनसंपर्क हा विषय आपल्याकडील महाविद्यालयांत ज्या वेगाने रूढ झाला तो पाहिला, म्हणजे दिवसभर नोकरी करून संध्याकाळी मुंबईत पदविकेच्या वर्गाला बसणारे आम्ही मूठभर विद्यार्थी आपण नेमके काय शिकतो आहोत हे घरच्या वडीलधाऱ्यांना समजावताना कसे अडखळत असू, हे आजच्या मुलामुलींना सांगूनही खरे वाटत नाही. विषयाला विद्यापीठाची पायरी चढायला मुळातच वेळ लागला होता. एडवर्ड बर्नेज यांनी न्यूयॉर्क विद्यापीठात १९२३ साली त्याचे अध्यापन आरंभिले आणि बॉस्टन विद्यापीठाने १९४७ मध्ये त्यासाठी स्वतंत्र विद्यालय काढले. आपल्याकडे १९५८ मध्ये या व्यवसायातील मंडळींची पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली, १९६८ च्या एप्रिलात दिल्लीच्या अधिवेशनात आचारसंहिता स्वीकारली गेली, आणि भारतीय जनसंचार संस्थेत जाहिरात व जनसंपर्क यांची पदविका १९८१ मध्ये आली. तोवर या खात्यांतील हुद्देदार बहुधा वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतून आलेले असत आणि लेखणीच्या सफाईवर निभावून नेत.

आमचीही तयारी मुख्यतः लेखणीचीच होती. प्रसिद्धीपत्रकाचा मसुदा, वार्ताहर परिषदेची सिद्धता, गृहपत्रिकेची मांडणी, अध्यक्षांचे भाषण, हे सारे आम्ही मनापासून शिकलो आणि त्या शिक्षणाचा मला आजही अभिमान वाटतो. मात्र उमेदवारीसाठी ज्या कचेरीत मला बसवण्यात आले, तेथला सकाळचा पहिला प्रहर कात्रणांचा असे. मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी दैनिकांचा गठ्ठा पुढ्यात घ्यायचा, संस्थेचे नाव आलेल्या मजकुराभोवती लाल पेन्सिलीने चौकट आखायची, तो कापून कोऱ्या कागदावर डिंकाने डकवायचा, वर तारखेचा शिक्का उमटवायचा, आणि मग पट्टी लावून मजकुराने किती स्तंभ-सेंटीमीटर जागा व्यापली ते समासात टिपायचे. महिनाअखेर या सेंटीमीटरांची बेरीज होई, जाहिरातीच्या दराने ती गुणली जाई, आणि येणारी रक्कम आमच्या खात्याची कमाई म्हणून वरिष्ठांपुढे ठेवली जाई. वाचकांच्या पत्रव्यवहारात छापून आलेल्या तक्रारी या बेरजेत धरीत नसत. त्या निराळ्या फायलीत जात, आणि ती फाईल कोणी मागवल्याचे मी पाहिले नाही.

अशातच १९८४ च्या डिसेंबरात, २ तारखेची रात्र सरून ३ तारीख उजाडत असता, भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे प्राणांस मुकली. तोवर आमच्या वर्गात संकटकाळचा आदर्श म्हणून १९८२ सालचे शिकागोचे टायलेनॉल प्रकरण सांगितले जाई : औषधात कोणी विष मिसळल्याने सात जण दगावताच जॉन्सन अँड जॉन्सनने सुमारे तीन कोटी दहा लाख बाटल्या बाजारातून परत घेतल्या, हे शिक्षक मोठ्या आदराने सांगत आणि आम्हीही तितक्याच आदराने वहीत उतरवून घेत असू. भोपाळने आमचे लक्ष संकटानंतरच्या वर्तनावरून संकटाआधीच्या वाचनाकडे वळवले. डिसेंबर १९८१ मध्ये याच कारखान्यात विषारी वायूने एक कामगार मरण पावला होता. भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी यांनी ‘रपट’ या आपल्या छोट्या साप्ताहिकातून १९८२ च्या सप्टेंबरापासून शहराला धोक्याचा इशारा दिला होता, आणि १९८४ च्या जूनमध्ये ‘जनसत्ता’तून तोच पुन्हा दिला होता. हे वाचले तेव्हा मला प्रथम आठवली ती माझी पट्टी. एवढ्या अल्प खपाचे साप्ताहिक आमच्या गठ्ठ्यात आलेच नसते, आणि आले असते तरी त्याची जागा त्या निराळ्या फायलीत होती.

योगायोग असा, की जेम्स ग्रुनिग आणि टॉड हंट यांचा ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. संस्थेने लोकांचे म्हणणे आत आणावे आणि त्यानुसार स्वतःचे वर्तनही बदलण्यास सिद्ध असावे, ही त्यातील द्विमार्गी संवादाची कल्पना आमच्यापैकी अनेकांनी परीक्षेपुरती पाठ केली. मला मात्र ती त्या हिवाळ्यानंतर वाचल्यामुळे कायमची पटली, आणि पुढे शिकवताना मी तिच्यापासून हललो नाही.

पुढचा काळ भराभर सरला. मुंबई विद्यापीठात माध्यमांचा पदवी अभ्यासक्रम आला, २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने सामान्य अर्जदाराला जाब विचारण्याचे बळ दिले, आणि २०१० मध्ये बार्सिलोना येथे जमलेल्या मापन-तज्ज्ञांनी जाहिरातीच्या दराने प्रसिद्धीचे मोल ठरवण्याची रीत स्पष्ट शब्दांत त्याज्य ठरवली, याचा मला अतिशय आनंद झाला. तरीही आजचे उमेदवार संगणकाच्या पडद्यावरून पसंतीच्या आकड्यांची बेरीज करून आणतात, तेव्हा माझ्या जिवाला लागते.

म्हणून विद्यार्थ्याने उमेदवारीतील निदान एक महिना एखाद्या रुग्णालयाच्या, वीजमंडळाच्या वा नगरपालिकेच्या तक्रार-खिडकीमागे बसावे, येणाऱ्याची कैफियत त्याच्याच शब्दांत उतरून घ्यावी आणि खातेप्रमुखांपुढे टिपण ठेवावे, असा आग्रह मी जमेल तेथे धरीत आलो आहे. काही संस्थांनी तो मानला, बऱ्याच संस्थांनी वेळापत्रकाची सबब पुढे केली. मानणाऱ्यांपैकी एकीच्या विद्यार्थिनीने एका रुग्णालयात बसून लिहिले, की नातेवाइकांची निम्मी चिडचिड उपचारांविषयी नसून पैसे भरण्याची खिडकी कोणती हे कोणी सांगत नाही याविषयी आहे, कारण तेथील सर्व पाट्या इंग्रजीत आहेत. टिपण अर्ध्या पानाचे होते. पुढल्याच महिन्यात तेथे मराठी व हिंदी पाट्या लागल्या, आणि दुपारच्या वेळी खिडकीजवळ माहिती देण्यासाठी एक माणूस नेमण्यात आला.