अपील चालू, पोटगीही चालू

"मी वरच्या कोर्टात गेलोय, आता निकाल लागेपर्यंत पैसे बंद," असं ठासून सांगणारा बाप पुण्याच्या हडपसरमध्ये काय, कुठेही भेटेल. कायदा मात्र नेमका उलटा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१, नियम ५ प्रमाणे नुसतं अपील दाखल केल्याने खालच्या कोर्टाचा हुकूम थांबत नाही. स्थगितीसाठी वेगळा अर्ज लागतो, तोही विनाविलंब. शिवाय हुकूम अमलात आला तर आपलं मोठं नुकसान होईल हे कोर्टाला पटवावं लागतं आणि वर तारण द्यावं लागतं. मुलाच्या पोटगीत घोडं अडतं ते नुकसानीपाशी. पोराने खाल्लेल्या जेवणाला बापाचं नुकसान म्हणायचं तरी कसं?

हडपसरच्या कुटुंबाचं प्रकरण चालतं शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याचं कलम १९ अंतिम निकालावर ३० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करू देतं. त्यातच खोच आहे. अंतरिम हुकुमावर अपील नाही. फौजदारी संहितेच्या कलम १२५ खालच्या, म्हणजे १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालच्या, पोटगीवरही अपील नाही, तिथे रिव्हिजन. म्हणजे लोक सरसकट 'अपील' म्हणतात ते कागदावर कधी रिव्हिजन असतं, कधी रिट. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं, पण पुणे जिल्हा त्यात नाही. हडपसरकराला स्टे मागायला मुंबईच गाठावी लागते.

आता थोडा हिशेब. समजा, आईने जून २०२३ मध्ये अर्ज केला आणि महिना ८,००० रुपयांचा हुकूम जून २०२५ मध्ये झाला. पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजायची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगून ठेवलंय. म्हणजे हुकुमाच्या दिवशीच २४ महिन्यांची १,९२,००० रुपये थकबाकी अंगावर. स्टेची मागणी बहुतेकदा याच रकमेपाशी अडते: आधी थोडी तरी रक्कम कोर्टात भरा, मग बोलू. भरलेले पैसे आईला काढू देता येतात. थकबाकीच्या वसुलीला स्थगिती मिळाली, तरी चालू महिन्याचे पैसे भरण्याची अट तिला जोडता येते.

२०२० चा तो निकाल आपल्याच नागपूरचा. जानेवारी २०१३ मध्ये, बाळाच्या जन्मानंतर लवकरच, आईने सासर सोडलं. ऑगस्ट २०१५ मध्ये नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयाने मुलासाठी सप्टेंबर २०१३ पासून महिना ५,००० आणि सप्टेंबर २०१५ पासून १०,००० रुपये अंतरिम पोटगी ठरवली. बाप रिट घेऊन नागपूर खंडपीठात गेला, तिथे २०१८ मध्ये हरला, मग दिल्लीला गेला. ४ नोव्हेंबर २०२० ला निकाल लागला तेव्हा मूल पावणेआठ वर्षांचं झालं होतं. अंतरिम अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढा, असं कायदाच म्हणतो! न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. सुभाष रेड्डी यांच्या त्या निकालापासून दोन्ही बाजूंना उत्पन्न, कर्ज, मालमत्ता यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. पगाराची स्लिप लपवण्याची जुनी सोय त्यामुळे बरीच आकसली.

पैसे थकवले तर प्रत्येक थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. आणि तुरुंगात जाऊन आलं की देणं फिटलं, असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच ते स्पष्ट केलं. मोबाईलवरून पाठवलेले किंवा हातात दिलेले पैसे कोर्टात पुरशिस, म्हणजे लेखी निवेदन, देऊन नोंदवलेले बरे, नाहीतर पुढच्या तारखेला "दिलेच नाहीत"वर वाद ठरलेला.

अपिलाबद्दलचा गैरसमज आईलाही नडतो. थकलेल्या पोटगीसाठी वॉरंट हवं तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात वसुलीचा अर्ज करावा लागतो. "त्याचं अपील चालू आहे ना," म्हणून ती गप्प बसली आणि प्रत्यक्षात स्टे नसलाच, तर एकेक जुना महिना वॉरंटच्या टप्प्यातून निसटत जातो.