हुल्लडबाजांची टोळी की माणसांचा गोतावळा?

पूर्व युरोपातले फुटबॉल चाहत्यांचे गट आपल्याला ठाऊक असतात ते मारामारीच्या बातम्यांमुळे. त्या बातम्या खोट्या नसतात, पण तेवढ्यावरून हे गट कळत नाहीत.

गैरसमज १ : हे गट समाजवादी राजवटी कोसळल्यावर जन्मले.
वस्तुस्थिती : युगोस्लाव्हियातल्या (आता क्रोएशियातल्या) स्प्लिट शहराच्या हायदुक क्लबच्या चाहत्यांनी ‘तोर्सिदा’ १९५० मध्येच उभी केली. सत्तेने ती लगेच दडपली. पोलंडमध्ये १९८३ साली ग्दान्स्कच्या लेहिया संघाचा युव्हेंटसशी सामना झाला. बंदी घातलेल्या ‘सॉलिडॅरिटी’ या कामगार संघटनेचे नेते लेक वालेसा प्रेक्षकांत होते आणि त्या संघटनेच्या नावाने स्टेडियम दणाणलं. जिथे सभेला मनाई होती, तिथे हजारोंना एकत्र जमू देणाऱ्या जागा मोजक्याच होत्या.

गैरसमज २ : चाहते फक्त धुडगूस घालतात.
वस्तुस्थिती : १९९० नंतर पूर्व जर्मनीतले कारखाने धडाधड बंद पडले. त्यांच्याबरोबर कामगारांची मंडळं गेली आणि क्लबांचा आधारही गेला. पूर्व बर्लिनचा युनियन क्लब २००४ मध्ये पैशांवाचून अडला, तेव्हा चाहत्यांनी रक्त देऊन मिळालेला मोबदला क्लबला दिला. २००८-०९ मध्ये दोन हजारांहून अधिक जणांनी सुमारे १,४०,००० तास श्रमदान करून स्टेडियम नव्याने बांधलं. विस्कटलेल्या वस्तीत एकमेकांच्या हाकेला धावणारी माणसं या क्लबभोवती टिकून राहिली.

गैरसमज ३ : अशी एकजूट नेहमी भल्याचीच असते.
वस्तुस्थिती : बेलग्रेडच्या रेड स्टार क्लबच्या चाहत्यांचं नेतृत्व ‘आर्कान’ या गुन्हेगाराकडे गेलं. त्याने १९९० मध्ये त्यांच्यातूनच सशस्त्र टोळी उभी केली आणि तिने क्रोएशिया व बोस्नियाच्या युद्धांत अत्याचार केले. ओळख, विश्वास, शिस्त यांच्या बळावर स्टेडियम उभं राहतं, तशी टोळीही उभी राहते.

गैरसमज ४ : चाहत्यांनी तिकीट काढावं, क्लब मालकांनी चालवावा.
वस्तुस्थिती : हायदुकच्या देखरेख मंडळाचे सदस्य २०११ पासून क्लबचे सभासद मतदानाने निवडतात. राजकीय वशिल्याने क्लब पोखरले जात असताना चाहत्यांच्याच संघटनेने हा हक्क मिळवला.

म्हणून अशा गटाला चांगलं-वाईट ठरवण्याआधी तिथे निर्णय कोण घेतं आणि त्याला जाब कोण विचारू शकतं, हे पाहायला हवं. जाब विचारण्याची सोय असेल, तरच ही एकजूट समाजाची ताकद होते.