पाहुणा दारात, गर्दी रस्त्यात

अंबरनाथ पूर्वेच्या कुठल्याही उंच इमारतीच्या गच्चीवर गेलं की डोंगर समोर येतो. मलंगगडापासून सुरू झालेली ही रांग चंदेरी, पेब करत माथेरानला जाऊन भिडते. तिच्या कुशीत काकोळे, चिखलोली, जांभिवली ही गावं आहेत. काकोळ्याच्या बाजूच्या डोंगरातून वालधुनी निघते, १०६० सालच्या शिवमंदिराला वळसा घालते आणि उल्हासनगर ओलांडून कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. कारखान्यांच्या सांडपाण्याने तिचे हाल केले असले, तरी तिचा झाडोऱ्याचा काठ डोंगर आणि शहर जोडणारी वाट बनून राहिला आहे. साप, मुंगूस, घोरपड यांना या वाटेची सवय आपल्या कितीतरी आधीपासून आहे. मधल्या काळात गृहसंकुलं पायथ्यापर्यंत सरकली.

म्हणून इथे जंगली जनावर दिसणं यात आश्चर्य काहीच नाही. बहुतेक वेळा ते आपल्या कामाने आलेलं असतं आणि आल्या वाटेने जातं. प्रसंग बिघडतो तो 'अरे, आला, आला' म्हणत पन्नास माणसं मोबाइल उंचावून जमतात तेव्हा.

माळ्यावरचा आणि शू-रॅकमधला

या भागात सगळ्यांत जास्त गाठ पडते ती सापाशी. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरतं, नाग-दिवडाची पिल्लं बाहेर पडतात, उंदीर इमारतींच्या आसऱ्याला येतात आणि उंदरांमागे धामण येते. मग दिवाळीची साफसफाई निघते. माळा, जिन्याखालची अडगळ, कुंड्यांमागच्या फुटक्या फरश्या हलवल्या की आत वेटोळं सापडतं.

महाराष्ट्रात माणसाच्या जिवावर बेतणारे मुख्य साप चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. घरांत सापडणारे पुष्कळसे साप या चारांतले नसतात. धामण, दिवड, तस्कर, नानेटी, कवड्या हे सगळे बिनविषारी. धामण म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते, ही गोष्ट अजून सांगितली जाते. धामण दूध पीत नाही. उंदीर खाते, आणि तेही भरपूर.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो कवड्या आणि मण्यार यांच्यात. दोघेही गडद रंगाचे, दोघांच्या अंगावर पांढरट आडवे पट्टे, दोघेही रात्री फिरणारे. पट्टे नीट पाहिले तर फरक कळतो. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असतात आणि शेपटीकडे जाताना पुसट होतात. मण्यारीचं उलट. तिचे बारीक, बहुधा जोडीने येणारे पट्टे मानेकडे पुसट आणि शेपटीकडे ठसठशीत असतात. कवड्या पालींच्या मागे भिंतीवर, खिडकीच्या गजावर सहज चढतो, मण्यार बहुतेक जमिनीलगतच असते. घोणसीला लोक अजगराचं पिल्लू समजून हात घालतात, तेही जिवावर बेतू शकतं. घोणसीच्या पाठीवर साखळीसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन सरळ रांगा असतात. अजगराचे डाग वेडेवाकडे, एकसारखे नसलेले. पण ही ओळख लांबून पाहून ठरवायची. जरा जरी शंका असली तरी साप विषारी आहे असंच धरून चालावं.

मण्यारीचा दंश फसवा असतो. जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते. वेदना फारशी नसते, दातांच्या खुणाही दिसत नाहीत. पहाटे पोटात दुखतं, घसा आवळल्यासारखा वाटतो, पापण्या जड होतात. घरचे म्हणतात, गॅस झाला असेल, ओवा खा. तेवढ्यात मोलाचे तास निघून जातात. जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी गादीखाली नीट खोचली तरी हा धोका बराच कमी होतो.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसं दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यातले बरेच मृत्यू उशिरामुळे होतात. दंशावर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरीने आवळून बांधायचं नाही. अंगठी, कडं, घड्याळ काढायचं, दंश झालेला अवयव फळीला किंवा जाड पुठ्ठ्याला सैल बांधून स्थिर ठेवायचा आणि थेट रुग्णालय गाठायचं. साप मारून पिशवीत घालून नेण्याची गरज नाही. आपल्याकडचं प्रतिविष या चारही सापांवर चालतं. परळच्या हाफकिन संस्थेत अनेक वर्षं घोड्यांच्या रक्तापासून ते तयार होत आलं आहे. आपल्या जवळच्या कुठल्या रुग्णालयात प्रतिविष आणि कृत्रिम श्वासाची सोय आहे, याची चौकशी आजच करून ठेवावी.

बिबट्या आणि बघे

जानेवारी २०१९ मध्ये उल्हासनगर कॅम्प ५ मधल्या एका बंगल्यात बिबट्या शिरला. नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेच्या चिंचपाड्यात एक बिबट्या इमारतीत घुसला आणि काही जण जखमी झाले. दोन्ही वेळा वनखात्याच्या बचाव पथकांनी बिबट्याला पकडलं. अशा प्रसंगी बघ्यांना मागे रेटणं हेच पथकांचं अर्धं काम होऊन बसतं. कोंडीत सापडलेल्या जनावराला पळायला वाट हवी असते. चहूबाजूंनी माणसं असली की ते माणसांच्या अंगावरूनच वाट काढतं.

बिबट्या एरवी माणूस टाळतो. पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या एका थोराड नराला २००९ मध्ये वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय आणि वनखात्याने जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं. 'आजोबा' असं त्याचं नाव पडलं. कसाऱ्याचे रेल्वे रूळ ओलांडत, वसईची खाडी पोहून, महिनाभराच्या आत सुमारे १२० किलोमीटर चालून तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला. ती खाडी म्हणजे आपल्या बदलापूरवरून वाहणाऱ्या उल्हासचंच मुख. एवढ्या दाट वस्तीतून गेला, पण कुणाला ओरखडाही काढला नाही. शेवटी २०११ मध्ये महामार्गावर वाहनाने त्यालाच मारलं. २०१४ चा 'आजोबा' हा मराठी चित्रपट त्याच्यावरूनच आला.

'पकडा आणि लांब सोडून या' ही मागणी दर वेळी होते. जुन्नर भागात २००१ पासून असे बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले आणि त्याच काळात माणसांवरचे हल्ले वाढले. परक्या मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं आणि रिकाम्या झालेल्या जागी दुसरा बिबट्या येतो. खरा उपाय कंटाळवाणा आहे : उघडा कचरा बंद करणं. कचऱ्यावर कुत्री आणि डुकरं पोसली जातात आणि त्यांच्या मागे बिबट्या येतो. पायथ्याच्या सोसायट्यांनी दिवे, संध्याकाळनंतर एकटं न खेळणारी मुलं आणि कोंबड्यांना पक्कं खुराडं, एवढं सांभाळलं तरी पुष्कळ.

वाटेवरच्या भेटी

कोंडेश्वर, चंदेरी, बारवी, माथेरान इथे सुट्टीला जाणाऱ्यांची गाठ माकडांशी पडते. वेफर्सची पुडी एकदा मिळाली की माकड मागायचं सोडून हिसकवायला शिकतं. दात विचकणारं माकड हसत नसतं, धमकावत असतं. नजर न भिडवता, पाठ न फिरवता मागे सरावं. पिशवी ओढाओढीत न घालवता सोडून द्यावी. कड्यावर आग्या मोहोळ दिसलं तर धूर, अत्तर आणि आरडाओरडा तिन्ही वर्ज्य.

गाडीवाल्यांसाठी वेगळा धडा आहे. पावसाळी रात्री बारवीच्या जंगलरस्त्यावर आणि कर्जतकडच्या रस्त्याला बेडूक, खेकडे, दिवड, उदमांजर रस्ता ओलांडतात. सकाळी चिरडलेले दिसतात. जंगलाच्या पट्ट्यात वेग निम्म्यावर आणला तर त्यातले कित्येक वाचतील. अंधारात दुचाकीसमोर बिबट्या आलाच तर लांबच थांबावं, हॉर्न वाजवून त्याचा पाठलाग करू नये, खाली वाकू नये. तो निघून जातो.

दिवाळीच्या दिवसांत आणखी एका जिवावर संक्रांत येते. लक्ष्मीचं वाहन म्हणून पुजलं जाणारं घुबड याच दिवसांत जादूटोण्यासाठी पकडलं आणि विकलं जातं. 'दुतोंड्या' म्हणून मांडुळाचा लाखोंचा सौदा करणारेही याच पठडीतले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या सगळ्यांना संरक्षण दिलं आहे. बिबट्या, घोरपड अशा पहिल्या परिशिष्टातल्या प्राण्याला मारलं तर तीन ते सात वर्षांची कैद आहे.

तेव्हा या दिवाळीत सोसायटीच्या सूचनाफलकावर फराळाच्या ऑर्डरीशेजारी तीन ओळी लावा. जनावर दिसलं तर लांब व्हा आणि इतरांना लांब ठेवा. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर किंवा वनखात्याकडे नोंद असलेल्या सर्पमित्राला फोन करा. चावलं तर १०८ ला फोन करा. आणि व्हिडिओ काढणाऱ्याला आधी घरात पाठवा.