ताठरपणा उतरवायचा, पण किती?

एप्रिल-मे आला की रत्नागिरीच्या बागांतून माणसं झाडावर चढलेली दिसू लागतात. कलमं छाटून ठेंगणी राखायची पद्धत आता रुळते आहे आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या नूतन झेल्याने जमिनीवर उभं राहून बराच आंबा उतरवता येतो. तरी जुनी उंच कलमं, रायवळ, माड आणि पोफळी यांना चढल्यावाचून गत्यंतर नसतं. फांदी मोडते, ओल्या खोडावरून पाय निसटतो आणि पाठीवर पडलेल्या माणसाच्या मणक्याबरोबर आतला मज्जारज्जूही दुखावतो.

पडल्याची बातमी होते, पुढच्या महिन्यांची होत नाही. पहिले काही आठवडे पाय पूर्ण लुळे असतात. मग घरी आणल्यावर एखाद्या सकाळी चादर ओढताना पाय आपोआप उडतो आणि घरात एकच आनंद होतो: पाय जागा झाला! बोललेला नवस फेडायची तयारी सुरू होते. हे लिहिताना वाईट वाटतं, पण त्या झटक्याचा आणि चालू लागण्याचा संबंध असेलच असं नाही. इजेच्या धक्क्यातून बाहेर आलेला मज्जारज्जूचा खालचा भाग मेंदूला न विचारता कामाला लागलेला असतो. डॉक्टर याला स्पास्टिसिटी म्हणतात. घरची माणसं ‘पाय ताठतो’, ‘झटके येतात’, ‘अंग आवळतं’ असं सांगतात. अंगावरून वारं गेलेल्या माणसाचा कोपरात दुमडलेला हात आणि न उघडणारी मूठ, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचे एकमेकांत अडकणारे पाय, ही त्याच दोषाची रूपं.

स्नायूच्या आत ताण मोजणारे बारीक तंतू असतात. स्नायू अचानक ताणला गेला की ते मज्जारज्जूला कळवतात आणि तिथून लगेच आखडण्याचा हुकूम सुटतो. गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय उडतो तो याच रस्त्याने. मेंदूकडून खाली येणारे संदेश एरवी ही प्रतिक्रिया आवरून धरतात. ते संदेश तुटले की साधा स्पर्शही पुरतो. ऑस्ट्रेलियाचे न्यूरॉलॉजिस्ट जेम्स लान्स यांनी 1980 मध्ये स्पास्टिसिटीची जी व्याख्या मांडली तिचा गाभा वेग हाच आहे: जितक्या जोरात ताणाल तितका विरोध जास्त. पॅन्ट चढवताना, आंघोळ घालताना हात-पाय सावकाश हलवला तर पुष्कळ झटापट टळते ती यामुळेच. ‘शीर आखडली’ म्हणून तेल लावून हिसके देणारे मात्र नेमकं उलटं करतात. बरेच महिने वापरात नसलेल्या पायाची हाडं ठिसूळ झालेली असतात, हिसक्याने ती मोडूही शकतात.

मग गोळी घेऊन सगळं सैल करून टाकावं, असं कुणालाही वाटेल. इथेच थांबून विचार करायला हवा. ताठरपणा सगळाच वाईट नसतो, हे आपल्याकडे पेशंटला फार कमी वेळा सांगितलं जातं. पक्षाघातानंतर पायात जोर उरलेला नसतो, पण पाय ताठ असतो म्हणून तो वजन पेलतो आणि माणूस काठी धरून मोरीपर्यंत जातो. त्याच पायाला गोळीने सैल केलं की गुडघा दुमडतो आणि खुब्याचं हाड मोडून तो परत खाटेवर. मणक्याची इजा झालेले काही जण तर खुर्चीतून खाटेवर सरकताना पायाचा झटका मुद्दाम आणवून त्याचा आधार घेतात. उलट बाजूही तितकीच खरी आहे. कुणाला रात्रभर झटक्यांनी झोप नाही. कुणाच्या मांड्या उघडत नाहीत, त्यामुळे लघवीची नळी बदलता येत नाही की अंग नीट पुसता येत नाही. कुणाची मूठ इतकी मिटलेली की नखं तळव्यात रुतून जखम झालेली. म्हणून ‘किती ताठ आहे?’ यापेक्षा ‘या ताठरपणाने नेमकं कोणतं काम अडतंय?’ हा प्रश्न डॉक्टरांनी विचारायला हवा, आणि त्यांनी विचारला नाही तर घरच्यांनी आपणहून सांगायला हवं.

गोळ्यांमध्ये पहिला मान बॅक्लोफेनचा. 1962 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत हाइनरिश केबेर्ले यांनी ते बनवलं ते फेफऱ्यासाठी. मेंदूतल्या पेशींना शांत करणारं गाबा नावाचं रसायन शरीरातच असतं, त्याच्याशी साधर्म्य असलेला हा रेणू. फेफऱ्यावर तो फारसा चालला नाही, पण ताठरलेले स्नायू सैल होतात हे लक्षात आलं आणि 1970च्या दशकात तो त्या कामासाठी बाजारात आला. मज्जारज्जूच्या इजेत आणि मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्ये त्याचा गुण चांगला दिसतो. झटके कमी होतात, झोप लागते, नळी बदलणं सोपं जातं. मोठ्या माणसाला सहसा 5 मिलिग्रॅमपासून सुरुवात करून काही दिवसांच्या अंतराने डोस वाढवतात. दिवसाला 80 मिलिग्रॅम ही नेहमीची वरची मर्यादा.

अडचण अशी की पोटात घेतलेली गोळी पत्ता बघून जात नाही. ती मेंदूतही पोचते आणि ताठ स्नायूंबरोबर धडधाकट स्नायूंचा जोरही उतरवते. गुंगी, चक्कर, अशक्तपणा, बद्धकोष्ठता या तक्रारी नेहमीच्या. वयस्क माणसाच्या बाबतीत आणखी एक धोका असतो. बॅक्लोफेनचा मोठा हिस्सा मूत्रपिंडावाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. ज्याला पक्षाघात झाला त्याला बहुधा बरीच वर्षं मधुमेह किंवा बीपी असतो आणि मूत्रपिंड आधीच थकलेलं असतं. मग साध्या डोसनेही औषध रक्तात साचतं. आजोबा बडबडतात, ओळखत नाहीत, झोपूनच राहतात, आणि घरचे ‘दुसरा अटॅक आला’ म्हणून धावपळ करतात. गोळी सुरू करण्याआधी क्रिएटिनिनची एक साधी रक्ततपासणी केली तर हे बरंचसं टळतं.

मला मात्र सगळ्यात जास्त भीती वाटते ती गोळी अचानक बंद होण्याची. महिनोन्‌महिने चालू असलेलं बॅक्लोफेन एका दिवसात तोडलं तर पुढच्या दोन-तीन दिवसांत भास, गोंधळ, ताप, फिट्स आणि आधीपेक्षा भयंकर ताठरपणा येऊ शकतो. ते थांबवायचं तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पायरीपायरीने उतरवत न्यावं लागतं. आता आपल्या जिल्ह्याचा विचार करा. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा कोण कोणत्या मेडिकलमध्ये जाणार होतं? दरड कोसळून आंबा घाट बंद पडला की कोल्हापूरहून गोळ्या आणणाऱ्यांनी काय करायचं? पूर नसतानाही गोळी तुटते ती क्षुल्लक कारणांनी: ‘झोप फार येते म्हणून बंद केली’, ‘पाकीट संपलं’, किंवा दुसऱ्याच आजारासाठी दवाखान्यात ठेवलं आणि चालू औषधांची यादी कुणी दिलीच नाही.

दुसरी गोळी टिझानिडीनची. ती वेगळ्या मार्गाने मज्जारज्जूतल्या पेशींना शांत करते आणि बॅक्लोफेनच्या मानाने स्नायूंचा जोर कमी उतरवते, असं मानतात. मात्र तोंड कोरडं पडतं, झोप येते, रक्तदाब उतरतो. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर उठून उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते. यकृताच्या तपासण्याही अधूनमधून कराव्या लागतात. शिवाय हेच औषध वेदनाशामकात मिसळून कंबरदुखीच्या गोळ्यांतही विकलं जातं. मान धरली म्हणून आणलेल्या पाकिटात ते आहे की नाही, हे मागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय कळत नाही. डोस नकळत दुप्पट होतो तो असा.

त्याहून घातक आहे एक जोडी, आणि ती घरोघरी जमू शकते. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक, म्हणजे आपलं नेहमीचं ‘सिप्रो’, यकृतातलं जे विकर टिझानिडीन मोडतं त्यालाच अडवून धरतं. फिनलंडच्या संशोधकांनी 2004 मध्ये निरोगी स्वयंसेवकांना दोन्ही औषधं एकत्र दिली, तेव्हा शरीराला मिळणारी टिझानिडीनची मात्रा सरासरी दहापट झाली. रक्तदाब घसरला, गुंगी वाढली. ही दोन औषधं एकत्र द्यायचीच नाहीत असा नियम आहे. आता पाहा, लघवीची नळी असलेल्या पेशंटला वरचेवर होतो तो लघवीचा जंतुसंसर्ग. संसर्गाने ताठरपणा वाढतो, म्हणून टिझानिडीन वाढवलं जातं, आणि त्याच आठवड्यात कुणीतरी काउंटरवरून सिप्रोही आणतं.

डायझेपाम या घराण्यातलं जुनं औषध. रात्रीच्या झटक्यांवर ते चालतं, पण सवय लागते आणि म्हाताऱ्या माणसांना पाडतं. डँट्रोलीन थेट स्नायूपेशीतल्या कॅल्शियमवर काम करतं, त्यामुळे गुंगी कमी, पण यकृताला गंभीर इजा होऊ शकते.

सगळ्या अंगाऐवजी एखाद-दुसराच स्नायू त्रास देत असेल तर बोटुलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन पुष्कळदा गोळीपेक्षा सरस ठरतं. 1895 मध्ये बेल्जियममधल्या एका गावात अंत्यविधीला वाजवायला आलेल्या वादकांना डुकराच्या खारवलेल्या मांसातून विषबाधा झाली, त्याचा छडा लावताना एमिल व्हान एर्मेन्गेम यांना हे विष बनवणारा जिवाणू सापडला. त्याच विषाचा अत्यल्प अंश अ‍ॅलन स्कॉट या अमेरिकी नेत्रतज्ज्ञाने तिरळेपणासाठी वापरला, आणि पुढे ते आखडलेल्या हातापायांपर्यंत आलं. ते मज्जातंतूच्या टोकाशी बसून स्नायूला जाणारा निरोप अडवतं. गुण काही दिवसांत दिसू लागतो, महिनाभरात पुरता येतो आणि साधारण तीन महिन्यांत ओसरतो.

त्याने काय मिळतं? ब्रिटनमध्ये पक्षाघाताच्या 333 पेशंटांवर झालेला अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. इंजेक्शनाने हात सैल झाला, तळवा धुणं आणि बाही चढवणं सोपं झालं. पण हाताने वस्तू उचलण्या-ठेवण्याचं कसब महिन्याभराच्या मोजणीत म्हणावं तसं सुधारलं नाही. इंजेक्शनाने हात ‘परत येईल’ ही आशा कुणी विकत असेल तर ती विकत घेऊ नये. सांभाळणाऱ्या सुनेचा किंवा बायकोचा रोजचा अर्धा तास वाचणार असेल, तर मात्र माझ्या मते तेवढंही खर्चाला पुरेसं कारण आहे. खर्च थोडा नाही. एका कुपीला हजारो रुपये पडतात, ती 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते, एका कंपनीचं युनिट दुसऱ्या कंपनीच्या युनिटाएवढं नसतं. आणि त्या तीन महिन्यांत रोजचा व्यायाम, स्प्लिंट, फिजिओ झालं नाही तर पैसे पाण्यात. विष इच्छित जागेबाहेर पसरून गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होण्याचा धोका विरळा असला तरी खरा आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2009 मध्ये त्याबद्दल सर्वांत कडक इशारा छापायला लावला तो मुख्यतः सेरेब्रल पाल्सीच्या मुलांमध्ये असे प्रकार आढळल्यामुळे. फिनॉलचं इंजेक्शन पुष्कळ स्वस्त आणि बरेच महिने टिकणारं, पण सुई चुकीच्या मज्जातंतूला लागली तर जळजळणारी वेदना मागे ठेवतं.

पोटाच्या त्वचेखाली पंप बसवून बॅक्लोफेन थेट मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात सोडायची युक्ती 1984 मध्ये शिकागोच्या रिचर्ड पेन यांनी दाखवली. गोळीच्या सुमारे शंभराव्या हिश्शात काम होतं, गुंगी फार कमी. पण खर्च लाखांत आणि पंप ठरावीक मुदतीत भरावाच लागतो. तो रिकामा पडला तर जीव जाऊ शकतो. दर वेळी मुंबई गाठण्याची खात्री नसेल तर राजापूर-लांज्याच्या पेशंटने या वाटेला न गेलेलं बरं.

मुलांच्या बाबतीत वेळ आणखी मोलाचा. हाड वाढतं, आखडलेला स्नायू त्या मानाने वाढत नाही आणि सांधा कायमचा जखडतो. जखडलेल्या सांध्यावर यातलं एकही औषध चालत नाही, तिथे प्लास्टर किंवा शस्त्रक्रियाच. अनेक मुलांना फिट्सही येत असतात आणि बॅक्लोफेनने त्या वाढू शकतात, हे डॉक्टरांना आधी सांगावं.

आणि एक. बरे चाललेले पाय एकाएकी जास्त ताठू लागले तर डोस वाढवण्याआधी अंग तपासा. लघवी गढूळ आहे का, नळी तुंबली आहे का, पोट साफ नाही का, बैठकीखाली जखम सुरू झाली आहे का, पायाचं नख मांसात शिरलं आहे का. संवेदना नसलेल्या माणसाला ते दुखत नाही, त्याचे पाय ते सांगतात.

रत्नागिरीत 2023 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, डेरवणला वालावलकर रुग्णालयाचं महाविद्यालय आहे. पंप आणि इंजेक्शनासाठी दूर जावं लागलं तरी क्रिएटिनिन, यकृताची तपासणी आणि बीपी बघायला तालुक्याचा दवाखाना पुरतो. घरच्यांनी मृगाच्या आधी किमान पंधरा दिवसांच्या जादा गोळ्या पाण्यापासून सुरक्षित डब्यात ठेवाव्यात आणि चालू औषधांची चिठ्ठी पेशंटच्या पिशवीत असू द्यावी. मेडिकलवाल्यांना हात जोडून एकच विनंती: चिठ्ठीशिवाय सिप्रो देऊ नका, आणि चिठ्ठी असली तरी पुडी बांधण्याआधी ‘घरात कुणाला टिझानिडीन चालू आहे का, आणि हे त्याच्यासाठीच आहे का?’ एवढं विचारा.