इन्शुलिनच्या सुईचा पुनर्वापर : एक शब्द, दोन धोके

इन्शुलिनची सुई एकदाच वापरावी, ही सूचना मधुमेही रुग्णास सर्वत्र मिळते. पाळली मात्र सर्वत्र जात नाही. त्याचे खापर बहुधा रुग्णाच्या काटकसरीवर फोडले जाते. काटकसरीचे कारण खरेच आहे. दिवसातून तीनचार वेळा टोचून घेणाऱ्यास महिन्याकाठी शंभराच्या आसपास सुया लागतात. परंतु सूचनेच्या शब्दरचनेचाही विचार झाला पाहिजे. ‘पुनर्वापर’ या एका शब्दात दोन भिन्न कृती सामावल्या आहेत : स्वतःची सुई स्वतः पुन्हा वापरणे, आणि एकाची सुई दुसऱ्याने वापरणे. या दोहोंचे धोके एका जातीचे नाहीत.

११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटो येथे लेनर्ड थॉम्पसन या मुलास इन्शुलिन प्रथम टोचण्यात आले. पुढे कित्येक दशके काचेची सिरिंज व पोलादी सुई उकळून, सुईस धार लावून पुन्हा वापरण्याचीच रीत होती. आजची चार मिलिमीटरची बारीक सुई एकाच वापरासाठी घडविलेली असते. ती स्पिरिटने पुसल्यास तिच्यावरील सिलिकोनचा गुळगुळीत लेप निघून जातो. जुनी रीत नव्या साधनास लागू पडत नाही, ती यामुळे.

पहिल्या कृतीबाबत जंतुसंसर्गाचे भय घालण्याचा प्रघात आहे. तथापि स्वतःचीच सुई वापरणाऱ्यांत असा संसर्ग क्वचितच आढळतो. महिनोन्‌महिने पू न झालेला रुग्ण मग सूचनाच पोकळ मानतो. खरी हानी संथ असते. एकाच जागी वारंवार टोचल्याने त्वचेखाली चरबीच्या गाठी होतात. सुईच्या पुनर्वापराशीही त्यांचा संबंध आढळला आहे. स्पेनमधील ४३० रुग्णांच्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ६४ टक्के रुग्णांना अशा गाठी होत्या. रक्तशर्करा अकारण घसरण्याचा अनुभव गाठी असलेल्यांपैकी सुमारे ३९ टक्क्यांना, तर नसलेल्यांपैकी सुमारे ६ टक्क्यांनाच आला होता.

याची उपपत्ती अशी. गाठीतून इन्शुलिन रक्तात अनियमितपणे शोषले जाते. साखर आटोक्यात येईना, म्हणून मात्रा वाढविली जाते. एखादे दिवशी तीच वाढीव मात्रा निरोगी जागी टोचली, की ती पुरेपूर लागू पडते आणि साखर एकाएकी उतरते. गाठीवर टोचल्यास दुखते कमी, म्हणून हात पुन्हापुन्हा तेथेच वळतो. न दुखणे हे येथे सुरक्षिततेचे लक्षण नव्हे.

दुसरी कृती मात्र सर्वथा वर्ज्य होय. दुसऱ्याच्या सुईतून ‘ब’ व ‘क’ प्रकारची कावीळ आणि एचआयव्ही यांचा संसर्ग होऊ शकतो. इन्शुलिनच्या पेनमध्ये टोचताना रक्ताचा अंश मागे नळीत शिरू शकतो. म्हणून नवी सुई लावूनही एकाचे पेन दुसऱ्याने वापरणे सुरक्षित ठरत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ साली हाच इशारा दिला होता. पतिपत्नी दोघेही मधुमेही असलेल्या घरात ‘सुई बदलली की झाले’ ही समजूत म्हणूनच घातक आहे.

‘जागा बदला’ ही सूचनाही अशीच मोघम आहे. उजवी बाजू सोडून डावी, एवढाच तिचा अर्थ घेतला, तर दोन्ही बाजूंस एकेक गाठ तयार होते. आधीच्या टोचणीपासून निदान एक सेंटिमीटर अंतर, असे मोजून सांगितले पाहिजे. गाठ आढळल्यास जागा बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून मात्रा कमी करावी लागते, हेही सांगणे अगत्याचे आहे. नाहीतर सूचना पाळणाराच संकटात सापडेल.

तात्पर्य, ‘पुनर्वापर टाळा’ या सूचनेची फोड केली पाहिजे : प्रत्येक वेळी सुई नवी, जागा नवी, आणि पेन ज्याचे त्यालाच. सुईची काटकसर ज्यांस करावीच लागते, त्यांना निदान कोणती चूक शरीरास हळूहळू भोवते आणि कोणती एकदाही करता कामा नये, हे तरी स्पष्ट कळेल.