हृदय बदलल्यावर अंथरूण लवकर सोडावे

३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन येथे डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी मृत व्यक्तीचे हृदय एका रोग्याच्या छातीत बसवले, तेव्हा साऱ्या जगाने तोंडात बोट घातले. तो रोगी अठरा दिवस जगला. त्याला नेले ते न्युमोनियाने. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्र. कु. सेन यांनीही प्रयत्न केला, पण रोगी काही तासच जगला. भारतात यश आले ते १९९४ साली, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत. आता मुंबई-पुण्यातही ही शस्त्रक्रिया होते.

एवढे मोठे ऑपरेशन झाले म्हणजे घरची माणसे म्हणतात, "त्यांना हलवू नका, पडू द्या." ही माया खरी, पण तीच अपाय करते. शरीराने परके हृदय नाकारू नये म्हणून जी औषधे देतात, त्यांनी रोगाशी झुंजण्याची ताकद कमी होते. अशा वेळी पडून राहिल्यास छातीत कफ साचतो, पायांत रक्त गोठू शकते, स्नायू झडतात.

म्हणून श्वासाची नळी निघाली आणि प्रकृती स्थिर असली, की एकदोन दिवसांतच रोग्याला खाटेच्या कडेला पाय सोडून बसवतात. मग खुर्ची, मग खोलीत चार पावले, मग व्हरांडा आणि घरी जाण्यापूर्वी जिना. दीर्घ श्वासाचा व्यायाम दिवसातून अनेकदा घेतात. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची, कारण छातीचे हाड तारांनी बांधलेले असते. ते सांधेपर्यंत, म्हणजे दोनतीन महिने, घागर किंवा पोते उचलायचे नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नव्या हृदयाचे मज्जातंतू तुटलेले असतात. मेंदूचा निरोप त्याला थेट पोहोचत नाही. बसल्या जागीही नाडी मिनिटाला ९० ते ११० पडते. चालू लागल्यावर ती सावकाश वाढते आणि थांबल्यावर सावकाशच उतरते. विहिरीवरचे डिझेल इंजिन सुरू होताच आपण त्यावर भार टाकतो काय? तसेच हे. आधी पाचदहा मिनिटे संथ चालावे, शेवटीही तसेच; एकदम थांबू नये. नाडीवरून श्रमांचा अंदाज येत नाही. चालताना बोलता येते ना, एवढे पाहावे. छातीत कळ न येताही हृदय अडचणीत असू शकते. म्हणून धाप, चक्कर, ताप, पायांवर सूज किंवा एकाएकी वाढलेले वजन दिसताच डॉक्टरांना सांगावे.

घरी आल्यावर कुबट कडबा, शेणखत व कोंबड्यांचे खुराडे यांपासून रोग्याला दूर ठेवावे. हात धुतल्याशिवाय कोणी जवळ जाऊ नये. आणि रोज त्याच्याबरोबर चालायला घरातले एक माणूस ठरवून द्यावे. उचलून धरण्यापेक्षा बरोबर चालणे, हीच त्याची खरी सेवा होय.