लांडग्यांची माणसे की माणसांचे लांडगे?

अद्भुतकथेला खऱ्याखोट्याचा हिशेब विचारू नये, असे रसिक मंडळी सांगतात. माणूस लांडगा होतो असे लेखकाने लिहिले की तो होतो. वाचकाने तेवढे मान्य करूनच पुस्तक उघडायचे असते. हे म्हणणे सामान्यतः बरोबर आहे. परंतु लांडगा होणारा माणूस कोणत्या लोकांपैकी आहे, हे लेखकाने नाव घेऊन सांगितले असेल तर? ते लोक आज हयात असतील, त्यांची वस्ती, त्यांची शाळा आणि त्यांचे दफनस्थान नकाशावर दाखवता येत असेल, तर? अशा वेळी अद्भुताच्या नावाखाली सूट मागता येते काय, असा प्रश्न उपस्थित होतो. हा प्रश्न एका अतिशय लोकप्रिय अमेरिकन कादंबरीच्या निमित्ताने येथे तपासायचा आहे.

स्टेफनी मेयर यांची 'ट्वायलाइट' ही किशोर-तरुण वाचकांसाठी लिहिलेली कादंबरी २००५ साली आली. २००६ मध्ये 'न्यू मून', २००७ मध्ये 'एक्लिप्स' आणि २००८ मध्ये 'ब्रेकिंग डॉन' हे तिचे पुढचे भाग आले. मालिकेच्या दहा कोटींहून अधिक प्रती जगभर खपल्या. २००८ ते २०१२ या काळात तिच्यावर पाच चित्रपट निघाले. आपल्या शहरांतल्या पुस्तकांच्या दुकानांतही ती पोहोचली. आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी ती वाचली असेल किंवा निदान पडद्यावर पाहिली असेल.

कथा थोडक्यात अशी. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यात, फोर्क्स नावाचे सतत पावसात भिजणारे लाकूडतोडीचे गाव आहे. तेथे राहायला आलेली बेला ही गोरी मुलगी एडवर्ड कलन या रक्तपिपासूच्या प्रेमात पडते. कलन कुटुंब श्रीमंत, सुशिक्षित आणि फिकट गोरे. ते जनावरांच्या रक्तावर जगतात, माणसांना मारत नाहीत. 'न्यू मून'मध्ये एडवर्ड तिला सोडून जातो आणि तिला जेकब ब्लॅक सावरतो. जेकब समुद्रकाठच्या ला पुश या वस्तीतला, क्विल्यूट जमातीचा. तो तांबूस वर्णाचा आहे, लहानशा घरात राहतो, सुटे भाग जमवून स्वतःच्या हातांनी मोटार उभी करतो. रक्तपिपासू जवळपास आले की या जमातीतल्या तरुणांच्या अंगात पिढीजात शक्ती जागी होते आणि ते प्रचंड लांडगे होतात. 'एक्लिप्स'मध्ये एक सूडाने पेटलेली रक्तपिपासू स्त्री नव्याने रक्तपिपासू झालेल्यांची फौज घेऊन बेलावर चालून येते. पिढ्यान्‌पिढ्यांचे वैरी असलेले कलन आणि लांडगे तिच्यासाठी एकत्र लढतात. आपले दोघांवरही प्रेम आहे हे बेलाला कळते, पण ती एडवर्डची निवड करते.

कोवळ्या वयातील दुभंगलेल्या मनाचे चित्रण या कादंबरीत आहे, आणि ते वाचकाला धरून ठेवते. ते नाकारण्याचे कारण नाही. आपला प्रश्न वेगळा आहे. कलन कुटुंब लेखिकेने कल्पनेतून निर्माण केले. क्विल्यूट लोक मात्र तिने निर्माण केलेले नाहीत.

क्विल्यूट ही पॅसिफिक महासागराच्या काठी राहणारी, हजाराच्या आतली लहानशी जमात आहे. लाल सीडर वृक्षाचे खोड कोरून केलेल्या होड्यांतून सील आणि देवमासा मारणारे हे दर्यावर्दी लोक. त्यांच्या भाषेत 'म' आणि 'न' हे अनुनासिक ध्वनी नाहीत. जगात अशा भाषा फार थोड्या आहेत. तिची एकुलती सख्खी भगिनीभाषा केव्हाच नामशेष झाली.

या लोकांचा लांडग्याशी संबंध आहे, हे खरे. त्यांच्या उत्पत्तिकथेनुसार जग घडवीत हिंडणाऱ्या एका रूप पालटवणाऱ्या पुरुषाने या किनाऱ्यावर लांडग्यांची माणसे केली. तेच क्विल्यूटांचे पूर्वज. वाचकांनी या कथेची दिशा ध्यानात घ्यावी. ती पशूकडून माणसाकडे जाते. 'आम्ही माणसे कशी झालो' हे ती सांगते. कादंबरीने हीच कथा उलटी फिरवली आहे. तेथे माणूस पशू होतो, आणि तोही बहुधा रागाच्या भरात. सॅम उले हा लांडग्यांचा म्होरक्या. त्याचा एकदा तोल जातो आणि त्याच्या प्रेयसीचा चेहरा कायमचा विद्रूप होतो. रक्तपिपासू मात्र शतकानुशतकांच्या संयमाने सभ्य झालेले दाखवले आहेत. संयम गोऱ्यांकडे आणि संताप आदिवासींकडे, ही वाटणी मेयरबाईंनी हेतुपुरस्सर केली असे मी म्हणत नाही. ती त्यांच्या समाजाच्या समजुतीत आधीच तयार होती, आणि लेखणीतून आपोआप उतरली. आपोआप उतरते म्हणूनच ती तपासावी लागते.

'एक्लिप्स'च्या शेवटी तर ही दिशा पूर्ण होते. बेलाच्या लग्नाचे निमंत्रण हाती पडताच जेकब लांडगा होऊन रानात पळत सुटतो. माणूस म्हणून सोसवत नाही ते दुःख पशू होऊन विसरायचे, हा त्याला उरलेला मार्ग. ज्यांना माणूस म्हणून मान्यता मिळवण्यासाठी झगडावे लागले, त्यांना हा शेवट नुसता हळवा वाटून चालणार नाही.

कादंबरीत एक तह आहे. जेकबच्या पणजोबाने, म्हणजे एफ्राइम ब्लॅकने, कलनांशी केलेला. कलनांनी क्विल्यूटांच्या भूमीवर पाऊल टाकायचे नाही, कोणा माणसाला चावायचे नाही. कलन हा तह मोठ्या सचोटीने पाळतात. आता इतिहासातला तह पाहा. १८५५-५६ साली वॉशिंग्टन प्रदेशाचा गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स याच्या राजवटीत क्विल्यूट आणि शेजारच्या जमातींकडून तहावर सह्या घेतल्या गेल्या. त्या तहाने त्यांची विस्तीर्ण भूमी सरकारजमा झाली, आणि त्यांनी दूरच्या क्विनॉल्ट वसाहतीत जाऊन राहावे असे ठरले. ते गेले नाहीत. १८८९ साली राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांच्या आदेशाने ला पुश येथे सुमारे एक चौरस मैल जागा त्यांच्यासाठी राखून ठेवण्यात आली. त्याच वर्षी गावकरी बिअरसाठी लागणाऱ्या हॉप्सच्या तोडणीला मजुरीवर गेलेले असताना, त्या जागेवर डोळा असलेल्या एका गोऱ्या वसाहतकऱ्याने त्यांची २६ घरे जाळून टाकली.

येथे 'रिझर्व्हेशन' या शब्दाने आपली फसगत होऊ नये. आपल्याकडे त्याचा अर्थ सत्तेत आणि शिक्षणात वाटा असा आहे. तेथे त्याचा अर्थ सगळी भूमी गेल्यावर उरलेला तुकडा असा आहे. मात्र तहातील मासेमारीचा हक्क या जमातींनी सोडला नाही. १९७४ साली न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी, तहाने बांधलेल्या जमातींना त्या भागातील पकडण्याजोग्या माशांचा अर्धा वाटा मिळालाच पाहिजे, असा निकाल दिला. त्या लढ्यात क्विल्यूट होते. खऱ्या तहाची ही कथा कादंबरीतल्या तहापेक्षा कमी रोमांचक नाही. पण तिच्यात तह मोडणारा कोण आणि त्याची आठवण देणारा कोण, हे अगदी स्पष्ट आहे.

आता नावांकडे वळू. जेकब, एफ्राइम, सॅम्युएल, सेथ, लीआ ही कादंबरीतल्या क्विल्यूट पात्रांची नावे बायबलमधली आहेत. ती तशी का असावीत? १८८०च्या दशकात ला पुश येथे शाळा सुरू झाली, तेव्हा शिक्षकाने मुलांची मूळ नावे बाजूला सारून बायबलमधली आणि अमेरिकन इतिहासातली नावे त्यांना दिली. त्या नावांमागे एक हरवलेली नामावली आहे. कादंबरी ती नावे घेते, नामावली हरवल्याचा उल्लेख करीत नाही. नाव कोण ठेवतो, या प्रश्नाचे महत्त्व या नियतकालिकाच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

'एक्लिप्स'मधला सर्वांत गंभीर भाग शेकोटीभोवतीच्या रात्रीचा आहे. जमातीचे वडीलधारे जमले आहेत आणि जेकबचा बाप बिली पूर्वजांचा इतिहास सांगतो. ताहा आकी नावाचा प्रमुख, त्याचे शरीर बळकावणारा कपटी उत्लापा, लांडग्याच्या देहात शिरलेला आत्मा, मग थंड देहाच्या शत्रूंशी युद्ध. या युद्धात ताहा आकीची तिसरी बायको स्वतःच्या छातीत शस्त्र खुपसते. रक्ताच्या वासाने शत्रूचे लक्ष विचलित होते आणि जमात वाचते. हे सारे लेखिकेने रचलेले आहे. परंतु ते जमातीच्या वडीलधाऱ्याच्या तोंडी, जमातीचा पवित्र इतिहास म्हणून घातले आहे. क्विल्यूटांची खरी उत्पत्तिकथा ज्यांनी कधी ऐकली नाही अशा कोट्यवधी वाचकांना ही रचलेली कथा माहीत झाली. खोट्या कथेने खऱ्या कथेची जागा व्यापली.

आणि त्या तिसऱ्या बायकोला नाव नाही. जमातीला वाचवणारी स्त्री अनामिकच राहते. पुढे युद्धाच्या प्रसंगी बेला तिची आठवण काढून तसेच करायला सरसावते. तात्पर्य, आदिवासी स्त्रीचे मरण हे गोऱ्या नायिकेच्या धैर्याचा कित्ता होण्यापुरतेच कथेत येते.

युद्धाचे डावपेच सर्वांना शिकवणारा जॅस्पर कोण, हेही पाहण्यासारखे आहे. तो अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेच्या सैन्यात मेजर होता. म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या सैन्यात. कादंबरी त्याच्या शौर्याची आणि रक्ताच्या तहानेची चर्चा करते. ते सैन्य कशासाठी लढत होते, याबद्दल ती गप्प आहे. गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना जोतीराव फुल्यांनी आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक १८७३ साली अर्पण केले. त्याच पुस्तकात मत्स्य, वराह इत्यादी पशुरूपी अवतारांच्या कथा उकलून त्यांनी त्यांच्यामागे जेत्यांचा आणि जितांचा इतिहास शोधला. त्यांची सर्व अनुमाने आज कोणी स्वीकारो वा न स्वीकारो, पशूचे कातडे दिसले की त्याखाली कोणता माणूस आहे हे विचारायचे, ही त्यांची रीत रूप पालटणाऱ्यांची कोणतीही कथा वाचताना उपयोगी पडते.

या लोकप्रियतेचे प्रत्यक्ष परिणाम काय झाले? फोर्क्समध्ये पर्यटकांची रीघ लागली. क्विल्यूटांच्या नावाने वस्तू बाजारात आल्या. २००९ साली एका संकेतस्थळाच्या चित्रण-पथकाने जमातीची परवानगी न घेता वस्तीतल्या दफनस्थानाचे चित्रण केले आणि त्याला भयकथेला शोभेल असे संगीत जोडले. पुढे त्यांना माफी मागावी लागली. कायद्याच्या प्राध्यापिका आणि स्वतः पोटावाटोमी जमातीच्या असलेल्या अँजेला रायली यांनी २०१० साली 'न्यू यॉर्क टाइम्स'मध्ये यावर लेख लिहिला. त्यांचा मुद्दा साधा होता. लेखिकेच्या कल्पनेला कॉपीराइटचे संरक्षण आहे, पण जमातीच्या नावाला, कथेला आणि चिन्हांना तसे संरक्षण नाही. कायदा एका व्यक्तीची निर्मिती ओळखतो, पिढ्यांनी मिळून जपलेली निर्मिती ओळखत नाही. त्यामुळे ज्यांचे नाव विकले गेले त्यांना त्या विक्रीत वाटा मिळाला नाही.

तरी क्विल्यूटांना केवळ बळी समजणे हाही त्यांच्यावर अन्यायच होईल. त्यांनी आलेल्या पाहुण्यांना हाकलले नाही. सिएटलमधील बर्क संग्रहालयाबरोबर त्यांनी कादंबरी आणि वस्तुस्थिती यांतला फरक सांगणारा उपक्रम २०१० साली उभा केला. त्याच वर्षी सिएटलच्या कलासंग्रहालयात क्विल्यूट लांडग्यांची खरी गोष्ट सांगणारे प्रदर्शन भरले, आणि पुढे ते राजधानी वॉशिंग्टनलाही गेले.

त्याहून महत्त्वाची गोष्ट भूमीची. ला पुश समुद्रसपाटीला आहे आणि शाळा लाटांच्या अगदी जवळ होती. त्या किनाऱ्याजवळ मोठा भूकंप होऊन त्सुनामी आली तर मुलांना पळायला वेळ मिळणार नव्हता. उंचावरची जमीन मात्र राष्ट्रीय उद्यानाच्या ताब्यात होती. जमात अनेक वर्षे ती मागत होती. अखेर २०१२ साली कायदा झाला आणि सुमारे ७८५ एकर जमीन तिला मिळाली. २०२२ मध्ये नवी शाळा उंचावर सुरू झाली. कादंबरीमुळे जगाची नजर तिकडे वळली होती, आणि जमातीने त्या नजरेचा आपल्या मागणीसाठी उपयोग करून घेतला. पडद्यावरचे लांडगे बेलासाठी लढले. ला पुशचे लोक आपल्या मुलांच्या शाळेसाठी लढले.

मग ही पुस्तके वाचू नयेत काय? तसे मी म्हणणार नाही. बंदीने वाचक शहाणा होत नाही. शिक्षकांनी ती वर्गात आणावीत आणि विद्यार्थ्यांना काही साधे प्रश्न विचारायला शिकवावे. कथेत ज्यांचे नाव आहे त्यांना विचारले होते काय? त्यांच्या तोंडी घातलेली कथा त्यांची आहे काय? कोणाला नाव आहे आणि कोण अनामिक आहे? तह कोणी मोडला? पुस्तकातून मिळालेला पैसा कोठे गेला? एवढे विचारूनही कथेची गोडी टिकली, तर ती खुशाल टिकावी.

लांडग्यांची माणसे झाली, असे क्विल्यूट स्वतःबद्दल सांगतात. माणसांचे लांडगे झाले, असे दुसऱ्या कोणी त्यांच्याबद्दल सांगितले. या दोन वाक्यांतले अंतर ओळखता येणे, एवढी कमाई एका लोकप्रिय कादंबरीच्या वाचनातून झाली तरी ती थोडी नव्हे.